श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर आणि दिंडीचे भजन

आळंदीस महाद्वारातून श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीकडे निघालेला वारकरी पहिल्या पायरीशी वाकतो, पायरीला हात लावून तो कपाळाला लावतो आणि मगच आत पाऊल टाकतो. नव्याने आलेल्या माणसाला वाटते, देवळाचा उंबरठा म्हणून हा नमस्कार असेल. तसे नाही. ती पायरी श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर यांची आहे. पंढरीस महाद्वाराशी नामदेवराय जसे पायरीखाली राहिले, तसे आळंदीस बाबा राहिले. येणाऱ्याजाणाऱ्या वैष्णवांची पायधूळ अंगावर पडावी, याहून दुसरी जागा त्यांना नको होती.

आता गंमत बघा. एवढ्या मानाच्या जागी बसलेला हा पुरुष अभंगकर्ता म्हणून प्रसिद्ध नाही. भाष्यकार म्हणून नाही, मोठा कीर्तनकार म्हणूनही त्याचे नाव कोणी घेत नाही. मूळचा हा शिपाईगडी. त्याने केले ते एवढेच की, गाणाऱ्या माणसांना चालायला रस्ता दिला, उभे राहायला ओळ दिली, वेळ बांधून दिली, रात्रीच्या निवाऱ्याची सोय केली आणि ऐकणारा मिळवून दिला. ‘एवढेच’ असे मी म्हटले खरे, पण ज्याने चाळीस-पन्नास माणसांचे भजन एक आठवडा तरी सांभाळले आहे त्याला विचारावे, हे काम केवढे आहे ते.

बाबांचे घराणे पवारांचे. गाव आरफळ, सातारा जिल्ह्यातले. घरी पांडुरंगाची भक्ती होती, परंतु उपजीविका तलवारीची. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी ते सरदार होते, असे परंपरा सांगते. त्या काळी सातारा प्रांतातला कर्ता मुलगा उत्तरेत चाकरीला जाई, आठ-दहा वर्षे घोड्यावर काढी, चार पैसे गाठीला बांधून गावी परते. बाबांचेही तसेच. मात्र छावणीतही नित्याचा हरिपाठ त्यांनी सोडला नव्हता. फौजेच्या नोकरीत त्यांनी दुसरेही काही शिकून घेतले होते. हजारो माणसांचा तळ पहाटे उठतो कसा, निघतो कसा, कोण पुढे, कोण मागे, दाणागोटा कोणाकडे, इशारा कशाचा, हे त्यांच्या डोळ्यांखालून रोज जात होते. हे शिक्षण पुढे कुठे उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पनाही नसेल.

चाकरी पुरी करून द्रव्य घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. सातपुड्याच्या रानात वाट मारणाऱ्या टोळीने त्यांना गाठले. द्रव्य लुटले आणि त्यांना एका गुहेत कोंडून तोंडाला मोठी शिळा लावली. ही कथा आपण फडावर, पारावर अनेकदा ऐकली आहे. आत अंधार, अन्न नाही, सुटकेची आशा नाही. बाबांनी हरिपाठ सुरू केला. एकवीस दिवस असे सांगतात. इकडे टोळीच्या नायकाच्या घरी पुत्र झाला. आनंदाच्या त्या घटकेला त्याला गुहेतल्या माणसाची आठवण झाली, की नायकिणीने ती करून दिली, यात सांगणाऱ्यांचा थोडा फरक पडतो. शिळा बाजूला केली, तर आतला मनुष्य जिवंत आणि ओठ हलताहेत. नायकाने पाय धरले, द्रव्य परत दिले आणि त्यांना वाटेला लावले.

या कथेतला चमत्कार किती, हे मोजत बसण्यात मला रस नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण कीर्तनात हा प्रसंग सांगताना बहुतेक बुवा शिळा हलली की थांबतात, आणि खरी गोष्ट तिथून पुढे आहे. गुहेत बाबा एकटे गात होते. टाळ नाही, मृदंग नाही, दुसऱ्या चरणाला साथ देणारा कोणी नाही. एकट्याच्या गाण्याने जीव वाचला. मग बाहेर आल्यावर त्याने एकट्यानेच गात राहायचे की नाही? कित्येक जण तसे करतात. डोंगरात जाऊन बसतात. बाबांनी उलटे केले. गावची वाट सोडून ते आळंदीस आले आणि पुढचे सर्व आयुष्य पुष्कळ माणसांनी मिळून गाण्याच्या सोयीत घालवले.

आळंदीस त्यांनी माउलींची सेवा धरली. शेजारती झाल्यावर देऊळ निजते. त्या वेळी बाबा समाधीसमोर भजनाला उभे राहत आणि काकड्यापर्यंत उभे असत, अशी परंपरा आहे. पुजारी मंडळींना प्रथम हा मनुष्य चमत्कारिकच वाटला असेल. सरदारी अंगरखा उतरवून, हातात वीणा घेऊन रात्रभर उभा राहतो, कोणाला काही मागत नाही. पण भजनाचा एक गुण आहे. रोज एका जागी, एका वेळेला, न चुकता कोणी गाऊ लागला की हळूहळू ऐकायला माणूस येतो. आज एक, उद्या दोन. ऐकणारा चार दिवसांनी टाळ मागतो. समाधीपुढच्या त्या रात्रींत जमलेली माणसे हेच बाबांचे पहिले भांडवल.

इथे थोडा शास्त्राचा विषय येतो, तो सांगून पुढे जाऊ. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले श्रवण, दुसरे कीर्तन. पाठशाळेत आमचे गुरुजी हा क्रम मुद्दाम दाखवीत असत. गाणाऱ्याच्या आधी ऐकणाऱ्याची जागा आहे. शुकाचार्यांना कीर्तनाने जे मिळाले ते परीक्षितीला नुसत्या श्रवणाने मिळाले, आणि त्याच्याजवळ दिवस तर सातच होते. तेव्हा भजनाला नुसते येऊन बसणारा मनुष्य काही करीत नाही असे समजू नये. मागच्या रांगेत बसून धृपदाला ओठ हलवणारी म्हातारी भजनाला जे देते, ते पुढच्या पट्टीच्या गायकालाही देता येत नाही. हैबतबाबांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये भिंत ठेवलीच नाही. दोघांनाही एकाच रस्त्याने चालायला लावले.

त्या वेळी वारीची स्थिती काय होती? वारी माउलींच्याही आधीची, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पालखीची पद्धत मात्र तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली घातली. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीस येत, तिथे माउलींच्या पादुका त्याच पालखीत घेत आणि दोन्ही संत बरोबरीने पंढरीस जात. ज्ञानोबा-तुकाराम हा जोडगजर आपल्या तोंडी बसला तो त्या एका पालखीपासून, असे जुनी मंडळी सांगत. पुढे सुमारे दीडशे वर्षे हा क्रम चालला. मग देहूकर मंडळींत सेवेच्या आणि मानाच्या हक्कावरून वाद उपस्थित झाले. भाऊबंदकी कोणत्या घरात नाही? त्याचा विस्तार इथे करीत नाही. परंतु वाद मालकांचा आणि हाल भजनाचे, असा प्रकार होऊ लागला. पालखी वेळेवर निघेल की नाही, कोणाच्या हाताखाली निघेल, याची शाश्वती राहीना. शेतकऱ्याने पेरणी उरकून, बैल शेजाऱ्याच्या हवाली करून, तुळशीची माळ घालून यायचे, आणि आळंदीत कळायचे की अजून निकाल लागला नाही.

दुसरेही एक संकट होते, ते कमी सांगितले जाते. 1818 साली पेशवाई बुडाली. देवस्थानांना, वाऱ्यांना, उत्सवांना जो राजाश्रय होता त्याचा भरवसा गेला. नवे राज्य कंपनी सरकारचे. त्यांना दिंडी म्हणजे काय, हेही समजावून सांगावे लागणार. अशा वेळी भजनाची मोठी परंपरा भांडणाने फुटते की उपासमारीने मोडते, एवढाच प्रश्न उरला होता.

बाबांनी भांडणात बाजू घेतली नाही. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पादुकांची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे काढली. वरवर पाहणारा म्हणेल, म्हणजे एकाच्या दोन झाल्या. झाल्या खऱ्या. पण देहूचीही पालखी चालत राहिली आणि आळंदीचीही चालली, आणि आज दोन्ही रस्त्यांवर लाखो माणसे गातात. एकच राहिली असती तर वादात दोन्ही गेल्या असत्या, असे माझे मत आहे. कोणाला वेगळे वाटत असेल तर त्याने जरूर वाटू द्यावे.

पालखी काढणे सोपे, चालवणे अवघड. राहुटी कोण देणार? घोडे कोण देणार? रोजचा नैवेद्य कुठून? बाबांकडे आता द्रव्य नव्हते. असलेले सेवेत गेले होते. त्यांनी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडे शब्द टाकला. शितोळे घराण्याचा ग्वाल्हेर दरबाराशी जुना संबंध होता, आणि बाबांचेही आयुष्य तिकडे गेलेले. शितोळ्यांनी हत्ती, घोडे, तंबू, जरीपटका आणि नैवेद्याची सेवा दिली. हत्ती पुढे बंद झाले. घोडे मात्र आजतागायत अंकलीहून पायी आळंदीस येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. अंकली आज कर्नाटकात आहे. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्यावरून वाद झाले, मोर्चे झाले, पण ज्येष्ठात घोडे निघायचे ते निघतातच.

या दातृत्वाचे मला एक विशेष वाटते. शितोळे सरकारांनी भजन विकत घेतले नाही. माझ्या वाड्यापुढे गा, माझ्या पूर्वजांचे नाव घ्या, असे काही त्यांनी मागितले नाही. घोडे दिले, ते भजनाच्या पुढे चालायला. तंबू दिला, तो पादुकांना. देणगीची पावती मोठ्या अक्षरात फलकावर लावणारे दाते हल्ली पुष्कळ दिसतात. त्यांनी एकदा हे घोडे पाहावेत.

गाणारी माणसे जमवण्यात बाबांना वासकर, खंडूजीबाबा, सुभानजी शेळके अशा सांप्रदायिक महापुरुषांचे साहाय्य मिळाले. दिंड्या आधीही होत्या. गावोगावच्या लहान लहान मंडळ्या आपापल्या चालीने, आपापल्या वेळेने येत. कोणी पुढे जाई, कोणी मागे राही. नदीच्या उताराशी दोन मंडळ्या समोरासमोर आल्या की कोणाचे भजन आधी, यावरून टाळ खाली ठेवायची पाळी येई. फौजेत वाढलेल्या बाबांनी इथे आपली जुनी विद्या काढली. सर्वांपुढे नगारा, मग घोडे, मग दिंड्या, मग माउली, त्यांच्या मागे पुन्हा दिंड्या. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली, ती वर्षानुवर्षे तीच. आज रथापुढे 27 दिंड्या चालतात आणि मागे शेकडो. निघण्याचा इशारा कर्ण्याचा. पहिला कर्णा झाला की सामान आवरायचे, दुसऱ्याला तयार होऊन उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. घड्याळ नसलेल्या लाखभर माणसांना हे तीन सूर पुरतात. छावणीत जो इशारा माणसे मारायला जाण्याचा होता, तो इथे गायला निघण्याचा झाला.

एका दिंडीची रचना आता पाहू. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्या मध्ये मृदंगवाला, त्यामागे वीणेकरी आणि पाठीमागे डोक्यावर तुळस घेतलेल्या व पाण्याचा हंडा घेतलेल्या माउल्या. वीणेकऱ्याने अभंग धरायचा. पहिल्या रांगेने तो उचलायचा, मागच्यांनी पोचवायचा. धृपद सर्वांचे. कोणाचा गळा बसला असेल, कोणी आज पहिल्यांदाच आला असेल, कोणाला अभंग पाठ नसेल, धृपदावर सगळे येऊन मिळतात. चालीही अशा बांधलेल्या की पाऊल आणि टाळ यांची गाठ सुटत नाही. वीणा कधी जमिनीवर ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. माझ्या पाहण्यातले एक वीणेकरी होते, वय पंचाहत्तरच्या पुढे, दिव्याच्या घाटात धाप लागली तरी खांद्यावरून वीणा काढायला तयार होत नसत. शेवटी एका पोराने हात जोडून, मला पुण्य मिळू द्या असे विनवले, तेव्हा त्यांनी ती दिली. घाट संपल्याबरोबर परत मागून घेतली!

रस्त्याने गायचे काय, हाही प्रश्न बाबांपुढे होता. ज्याला जे येते ते त्याने म्हणावे, अशी मोकळीक दिली तर अठरा दिंड्या अठरा दिशांना जातील. म्हणून भजनाची मालिका लावली गेली आणि तिचे श्रेय परंपरा हैबतबाबांना देते. सकाळी मंगलाचरण आणि काकड्याचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगुळ, गौळणी, वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री जागर. सोमवारी कोणते, एकादशीला कोणते, हे सर्व नेमलेले. एखादा कोकणातला वारकरी विदर्भातल्या दिंडीत शिरला तरी त्याला पुढचा अभंग कोणता ते ठाऊक असते. यात सगळ्या संतांचे अभंग येतात. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकोबा तर आहेतच. चोखोबा, सावता, जनाबाई, सेना हेही आहेत. गाणाऱ्याची जात कोणती, हे मालिकेला ठाऊक नसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला शे-दोनशे अभंग मुखोद्गत झाले ते या मालिकेमुळे. संस्कृत पाठशाळेत आम्हाला अमरकोश पाठ करायला छडीची मदत लागे. इथे छडी नाही, टाळ आहे.

मला सर्वांत जास्त आवडते ती समाजआरती. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसाची मजल संपते. पालखी तळावर येते. सर्व दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ, शेकडो मृदंग एकदम वाजत असतात. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच धरतो. आणि काय सांगावे, तो सगळा नाद क्षणात थांबतो. पाखराचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. अशा शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समजायचे की त्या दिंडीचे काही गाऱ्हाणे आहे. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मालकांच्या कानावर घालतो, तिथल्या तिथे निवाडा होतो. मग हरवले-सापडले पुकारतात. कोणाची चंची, कोणाचा टाळ, एखादे वेळी कोणाची म्हातारी आई. दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. दुसरी कोणतीही कचेरी नाही, शिपाई नाही. तक्रार मांडायचे साधनही टाळच. ज्याच्या हातात टाळ आहे त्याचे गाऱ्हाणे अख्ख्या समाजाने थांबून ऐकायचे, ही रीत ज्या शिस्तीतून निघाली ती शिस्त बाबांची. हक्काच्या भांडणातून बाहेर पडलेल्या माणसानेच ही जाणावी.

आता गावांकडे वळू. भजन चालते ते नुसत्या गळ्यावर नाही. वारीच्या वाटेवरची गावे हा बाबांच्या सोहळ्याचा दुसरा अर्धा भाग आहे. दिंडीतला वारकरी आपली भिशी भरतो, स्वयंपाकाचे सामान बैलगाडीत, हल्ली ट्रकमध्ये, बरोबर असते. तरी वाटेवरचे गाव त्याला नुसता जाऊ देत नाही. कोणी पिठले-भाकरी, कोणी ताक, कोणी पायाला लावायला तेल, कोणी नुसती अंगणाची सावली देतो. माझ्या तरुणपणी एका लहानशा वस्तीवर एक बाई दरसाल बांधावर उभी असे. देण्यासारखे तिच्याजवळ काही नसे. दिंडी जवळ आली की ती डोक्यावरचा पदर सावरून धृपद म्हणू लागे आणि शेवटची दिंडी जाईपर्यंत म्हणत राही. दुपार सरून जाई. तिला आम्ही अन्नदात्यांच्या पंगतीतच धरीत असू.

एका गावच्या सप्ताहातला अलीकडचा अनुभव मात्र उलटा आहे. गावाचे नाव घेत नाही. पहाटे काकड्याला गेलो, तर मंडपात झेंडूच्या माळा, दिव्यांची आरास, मोठमोठे कर्णे, आणि भजनाला माणूस नाही. यंत्रावर काकडा लावून ठेवलेला. विचारले तेव्हा उत्तर मिळाले की आवाज चांगला आहे आणि वेळेवर होते. रात्री कीर्तनाला गर्दी होती, जेवणाला त्याहून होती. लाखांची वर्गणी जमली होती. म्हणजे भजनाला पाठिंबा भरपूर, फक्त भजन तेवढे नाही. रिंगणालाही तसेच होऊ लागले आहे. घोडा धावताना पाहायला माणूस मैलभर चालतो, हात उंच करून मोबाइलमध्ये चित्र घेतो आणि घोडा थांबला की निघून जातो. त्यानंतर दिंड्यांचे जे खेळ होतात, मृदंगवाले मध्ये येऊन जी उडी घेतात, टाळकरी पावली खेळतात, त्याला पाच मिनिटे उभा राहत नाही. अहो, घोडे भजनाच्या सेवेला आले आहेत, भजन घोड्यांच्या सेवेला नव्हे!

मात्र निराश व्हावे असेही नाही. 2020 आणि 2021 या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका मोजक्या मंडळींबरोबर एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. ज्या तळांवर रात्र रात्र जागर होतो ते तळ रिकामे राहिले. त्या वेळी गावोगावच्या टाळकऱ्यांनी घरातच, ज्या दिवशी पालखी जिथे असती त्या मुक्कामाचे नाव घेऊन, मालिका म्हटली. आज सासवड, आज जेजुरी, आज लोणंद, असे म्हणत चार भिंतींत पंढरी गाठली. 2022 साली वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा दिंड्या आपापल्या जागी जशाच्या तशा उभ्या राहिल्या. क्रम कोणाला विचारावा लागला नाही. दोन वर्षांच्या खंडाने हललेली नाही अशी घडी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एका निवृत्त शिलेदाराने बसवली होती.

बाबांना सोहळा सुरू केल्यावर फार वर्षे मिळाली नाहीत. 1836 साली त्यांनी आळंदीतच देह ठेवला. चार-पाच वाऱ्या त्यांनी स्वतः चालवल्या असतील. एवढ्या थोड्या अवधीत बसवलेले काम माणूस गेल्यावर विस्कटायचे, असाच जगाचा अनुभव. इथे तसे झाले नाही, कारण बाबांनी आपल्या गळ्यावर काही अवलंबून ठेवले नव्हते. ओळ ठरलेली होती, मालिका ठरलेली होती, घोडे कोणाचे आणि चोप कोणाचा हे ठरलेले होते. सोहळ्याचे मालक हा मान आरफळकर घराण्यात राहिला आणि आजही प्रस्थानाच्या वेळी, ज्येष्ठ वद्य अष्टमीस, माउलींच्या पादुका मालकांच्या हाती येतात.

कार्तिकात माउलींच्या समाधीचा सोहळा असतो. त्रयोदशी हा मुख्य दिवस, पण उत्सवाचा आरंभ वद्य अष्टमीस होतो, आणि तो समाधीच्या पूजेने होत नाही. महाद्वारातल्या पायरीची पूजा आधी. दूध, पाणी, गंध, फुले, तुळस, आरती. मंत्र चालू असतात तोवर मागे महाद्वारापासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत दिंड्या येऊन थांबलेल्या असतात. पूजा संपते, प्रसाद वाटला जातो, कोणीतरी वीणेकरी पहिला सूर लावतो, आणि मग त्या ओल्या पायरीला हात लावून एकेक टाळकरी आत जाऊ लागतो.